सहा इंच आणि शंभर पावले

बंदुकीची नळी किती लांब असावी, हा प्रश्न वरकरणी कारागिराचा आहे. फार तर तो शिकाऱ्याचा किंवा नेमबाजाचा म्हणता येईल. निबंधांच्या या पत्रिकेत त्याला जागा कशी, असे वाचकांस वाटल्यास नवल नाही. तथापि गेले काही महिने या एका प्रश्नाने आम्हांस जितके विचारात गुंतविले, तितके नीतिशास्त्राच्या अलीकडे वाचलेल्या कोणत्याही ग्रंथाने गुंतविले नाही. ग्रंथातील प्रश्नांना उत्तर दिले नाही तरी चालते. या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावेच लागते, आणि तेही इंचांत.

प्रश्न आला तो दूरवरून. आमच्या नात्यातील एक तरुण न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे अभियंता आहे. तेथील एका बंदूक-कारागिराकडून तो स्वतःच्या मापाची रायफल घडवून घेत होता. सुटीच्या दिवशी क्लबच्या मैदानावर नेमबाजी करावी आणि शरद ऋतूत, म्हणजे तिकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, डोंगरात शिकारीस जावे, अशी दुहेरी सेवा त्याला एकाच रायफलीकडून हवी होती. कारागिराने दस्त्यासाठी हाताचे माप घेतले, चाप किती हलका हवा ते विचारले, आणि नळीपाशी येऊन काम थांबले. अठरा इंच, बावीस, की सव्वीस? ‘‘काका, इथे प्रत्येकजण निराळे सांगतो. तुम्ही काय म्हणाल?’’ असे त्याने लिहिले. या मुलाचे पणजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीस होते, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांस यातले काही कळत असणार, असा त्याचा समज. पूर्वजांच्या भिंतीवरील शिंगांवरून वंशजांचे ज्ञान मोजण्याचा हा प्रकार आपल्या जुन्या घराण्यांच्या वाट्याला नेहमीच येतो. आमचा शस्त्रांशी संबंध आला तो शासकीय सेवेत परवान्यांच्या फाइलींपुरता. तरीही प्रश्न कोणी विश्वासाने विचारला, तर उत्तर शोधणे भाग असते.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. लांब नळी म्हणजे अचूक नेम, असे आपण सारेच मानीत आलो. ते खरे नाही. पिपलानीत राहण्याचा एक लाभ असा, की येथे दर तिसऱ्या घरात भेलच्या कारखान्यात लेथपाशी किंवा बोरिंग मशीनपाशी आयुष्य घालविलेले एखादे गृहस्थ भेटतात. अशाच एका शेजाऱ्यांपुढे आम्ही हा विषय काढला, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडून दाखविला. एका टोकाला घट्ट बसविलेला दांडा दुसऱ्या टोकावरील भाराने किती लवेल, हे त्याच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. जाडी तीच ठेवून नळी वीस इंचांची सव्वीस इंच केली, तर ती दुपटीहून अधिक लवचीक होते. नेमके सांगायचे तर सुमारे २.२ पट. गोळी सुटताना प्रत्येक नळी कंप पावते, आणि लांब, बारीक नळी अधिक कंप पावते. तेव्हा अचूकता येते ती ताठपणातून आणि आतील पीळदार खाचांच्या सफाईतून. लांबीचा त्यात काही वाटा असलाच, तर तो उलट्या बाजूचा आहे.

मग हा समज रूढ कसा झाला? पूर्वी रायफलीवर दुर्बीण नसे. डोळ्याजवळची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी एका रेषेत आणून नेम धरीत. या दोहोंतील अंतर जितके अधिक, तितकी नेमातील चूक कमी. म्हणजे लांबीचा उपयोग गोळीला नव्हता, डोळ्याला होता. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात आजही दुर्बीण चालत नाही. म्हणून तेथील नेमबाज नळीच्या पुढे एक पोकळ नळकांडे बसवितात आणि माशी त्याच्या टोकावर ठेवतात. डोळ्याला लांबी मिळते, गोळीला मात्र मूळ नळीच पुरते. या स्पर्धेतील .२२च्या बारीक काडतुसातील दारूचे काम सोळा-अठरा इंचांत आटोपते. त्यापुढची नळी गोळीला वेग देण्याऐवजी किंचित घासतच असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले ते याच ५० मीटर तीन पवित्र्यांच्या प्रकारात. याच प्रकारातील आपल्या खरगोन जिल्ह्याचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हे तर भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत घडलेले. मार्च २०२३मध्ये भोपाळला जागतिक चषक स्पर्धा झाली, तेव्हा ही साधने पाहण्याची संधी आपणांपैकी काहींनी घेतलीही असेल. त्या निशाण्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पन्नास मीटरवरून, उभ्याने.

लांब नळी खरोखर जे देते ते म्हणजे वेग. दारूचा वायू गोळीला जितका अधिक वेळ ढकलतो, तितकी ती वेगाने बाहेर पडते. या तरुणाने पसंत केलेले ६.५ क्रीडमूर हे काडतूस २००७ साली मूळ निशाणेबाजीसाठी निघाले आणि पुढे शिकाऱ्यांनीही उचलले. त्याचा नेहमीचा वेग चोवीस इंची नळीत सेकंदाला सुमारे २७०० फूट. एक इंच कापला की वीस ते पंचवीस फूट वेग जातो. म्हणजे चोवीसची नळी अठरा केली, तर १२० ते १५० फुटांचे नुकसान. आकडा मोठा वाटतो. परंतु याच गोळीचा हवेतून जाताना पहिल्या शंभर यार्डांत तितकाच, म्हणजे सुमारे १४० फूट, वेग आपोआप घटतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले, की या प्रश्नाचे खरे रूप दिसू लागते. नळीचे सहा इंच म्हणजे जमिनीवरील शंभर पावले. लांब नळीचा शिकारी जे जेथून करतो, तेच आखूड नळीचा शिकारी शंभर पावले पुढे जाऊन करू शकतो.

येथून पुढे हा विषय लोहाराच्या हातून सुटतो.

निशाणेबाजाला ही शंभर पावले चालण्याची मोकळीक नाही. अंतर नियमाने ठरलेले असते; पन्नास मीटर म्हणजे पन्नास मीटर. त्याचे शील ते अंतर मान्य करून त्याच्या आत स्वतःला घडविण्यात आहे. शिकाऱ्याचे तसे नाही. किती अंतरावरून चाप ओढावा हे कोणताही पंच त्याला सांगत नाही. ते तो स्वतः ठरवितो, आणि बहुधा एकटाच असताना ठरवितो. जे आपण ठरवितो त्याचीच जबाबदारी आपणांवर येते, हे तत्त्व मान्य असेल, तर शिकारीतील अंतर ही निसर्गाची बाब राहत नाही, ती कर्त्याची कृती ठरते. दुसरा भेद याहून मोठा. कागदावरचा नेम चुकला तर गुण जातो, आणि तो चुकणाऱ्याचाच जातो. जनावरावरचा नेम चार बोटे चुकला, तर पोट फुटलेले किंवा जबडा मोडलेले ते जनावर पुढचे दोन दिवस कोणत्या नाल्यात काढते, हे चुकणाऱ्यास कळतही नाही.

नेम धरणाऱ्याच्या हाताबाहेरचीही एक गोष्ट आहे. दोनशे यार्ड जायला या गोळीस पाव सेकंदाहून कमी वेळ लागतो. सहाशे यार्डांसाठी पाऊण सेकंदाहून थोडा अधिक. चरणाऱ्या जनावराने एक पाऊल टाकावे, एवढा तो काळ आहे. तेव्हा सहाशे यार्डांवरून मारणारा मनुष्य कितीही कुशल असला, तरी शेवटच्या अर्ध्या सेकंदात त्याचे कौशल्य संपलेले असते आणि केवळ भरवसा उरतो. कागद पाऊल टाकीत नाही. एकाच रायफलीने दोन्ही करण्यातील धोका यंत्राचा नाही, सवयीचा आहे. मैदानावर सहाशे यार्डांवर दहापैकी आठ गोळ्या मध्यात बसविणाऱ्याच्या मनात जो आत्मविश्वास तयार होतो, तो डोंगरात जाताना घरी ठेवता येत नाही.

या चर्चेचा एक जुना अध्याय आपल्याच प्रदेशात लिहिला गेला आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. पचमढीचे ‘बायसन लॉज’ आपण सर्वांनी उन्हाळ्याच्या सुटीत पाहिले आहे. ते बांधणारा जेम्स फोर्सिथ ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या १८७१ साली निघालेल्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाला. परंतु त्याआधी, १८६३ साली, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. तो काळ लांब पल्ल्याच्या लष्करी रायफलींच्या कौतुकाचा. टोकदार, लांबट गोळी आणि हजार यार्डांची भाषा सर्वत्र चालू होती. फोर्सिथने सातपुड्याच्या रानात वावरून जे पाहिले ते याच्या अगदी उलट. जंगलात जनावर दिसते तेच मुळी जवळच्या अंतरावर. तेव्हा तेथे गोल जड गोळी, मंद पीळ आणि भरपूर दारू यांनी जवळच्या पल्ल्यात सरळ जाणारा मारा हवा, दूरचा पल्ला गाठणारी चतुराई नको, असा त्याचा पक्ष होता. त्याची गोल गोळी पुढे इतिहासजमा झाली. मात्र साधनाचे माप साधनाच्या कमाल सामर्थ्यावरून न काढता जेथे ते वापरायचे त्या रानावरून काढावे, हा त्याचा विचार काडतुसांबरोबर जुना झालेला नाही. निमाडच्या जमाबंदीचे कामही याच गृहस्थाने पाहिले होते. शेताचे माप कागदावरून नव्हे, शेतात उभे राहून घ्यावे लागते, ही महसूल खात्याची शिस्त त्याच्या बंदुकीच्या पुस्तकातही उतरली असावी, असे आम्हांस उगाचच वाटते.

जखमी करून सोडलेल्या जनावराचा हिशेब केवळ त्या जनावरापाशी थांबत नाही. जिम कॉर्बेटने ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या १९४४च्या पुस्तकात वाघ नरभक्षक का होतो याची जी कारणे दिली, त्यांत निष्काळजीपणे झाडलेल्या आणि पुढे मागोवा न घेतलेल्या गोळीचे कारण ठळक आहे. चंपावतच्या ज्या वाघिणीला त्याने १९०७ साली मारले, तिचे उजव्या बाजूचे सुळे पूर्वीच्या एका गोळीने मोडलेले होते. ती गोळी कोणी झाडली हे कोणास ठाऊक नाही. त्या अनामिकाने बहुधा त्या संध्याकाळी घरी जाऊन ‘थोडक्यात हुकला’ असे सांगितले असेल. त्याच्या हुकण्याची किंमत नेपाळातील आणि कुमाऊँतील शेकडो घरांनी दिली.

आम्ही या तरुणास इंच कळविण्यापूर्वी एक उलट प्रश्न विचारला : ‘तू जास्तीत जास्त किती अंतरावरून चाप ओढणार आहेस, ते आधी ठरव.’ त्याने विचार करून उत्तर दिले : तीनशे यार्ड. मग हिशेब सोपा झाला. शिकारीची गोळी लागताच पसरावी अशा बेताने केलेली असते, आणि त्यासाठी सेकंदाला सुमारे १८०० फूट वेग तरी शिल्लक असावा लागतो. अठरा इंची नळीची गोळीसुद्धा सहाशे यार्डांपर्यंत तो वेग राखते. तीनशेच्या मर्यादेत राहणाऱ्याला लांब नळी कशाला? शिवाय न्यूझीलंडमध्ये सायलेन्सर बसविण्यास मुभा आहे आणि तो तेथे सर्रास वापरतात. त्याची सहा-आठ इंच लांबी पुढे जोडली, की सव्वीस इंची नळी झुडपांतून वागविणे म्हणजे खांद्यावर शिडी घेऊन बोळातून जाणे. आम्ही वीस इंच लिहून कळविले.

त्यावर त्याचे जे उत्तर आले, ते आम्हांस निरुत्तर करणारे नसले तरी खाली बसविणारे होते. तो लिहितो, ‘‘काका, तीनशे यार्डांवर चोवीस इंची नळीची गोळी वीस इंचीपेक्षा जोरात लागेल. जनावर लवकर मरेल. अंतर तेच ठेवले तर अधिक वेग म्हणजे अधिक दयाच नाही का? मर्यादा मोडली तर दोष माणसाचा, नळीचा कसा?’’

प्रश्न खरोखर मोलाचा आहे, आणि तो बंदुकीपुरता नाही. मोहात पाडणारे साधन दूर ठेवून सदाचरण साधावे, की साधन हाती ठेवून संयमाने साधावे? आपल्या परंपरेत दोन्ही पंथ आहेत. एक म्हणतो, ज्याच्यापुढे विषयच नाही त्याचा संयम कसला. दुसरा व्रत, नियम, कुंपण यांवर भर देतो. तर्काच्या कसोटीवर मुलाचे म्हणणे बिनतोड आहे. परंतु आमचे आयुष्य नियम बनविण्यात नसले तरी नियम राबविण्यात गेले, आणि तेथे एक गोष्ट दिसली, ती अशी की नियम हे सकाळी अकरा वाजताच्या माणसासाठी नसतात. त्या वेळी प्रत्येकजण सज्जन असतो. ते असतात संध्याकाळी साडेपाचच्या, थकलेल्या, घाईतल्या माणसासाठी. डोंगरातील चौथा दिवस, पायांत गोळे, उद्या परतायचे, समोरच्या कड्यावर साडेचारशे यार्डांवर नर उभा, मधल्या दरीत उतरून चढायला दोन तास, आणि हातातील रायफल मैदानावर सहाशे यार्ड लीलया मारणारी. अशा वेळी तीनशेची प्रतिज्ञा कोण पाळील? पाळणारे असतील, ते आम्हांस वंद्य आहेत. परंतु साधन निवडताना आपण स्वतःला त्यांच्यात गणावे काय? हे आम्ही त्याला लिहिले.

तडजोडीची बावीस का नको, असे कोणी विचारील, काहींनी विचारलेही. येथे मध्यममार्गाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण सांचीच्या इतक्या जवळ राहून आपण तो शब्द फार स्वस्त केला आहे. दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागणे म्हणजे मध्यममार्ग नव्हे. वीणेच्या तारेचा तो प्रसिद्ध दृष्टान्त घ्या. तार फार ताणू नये, फार ढिली सोडू नये. पण नेमकी किती ताणावी हे दोन टोकांच्या मध्यावर खूण करून ठरत नाही, सूर ऐकून ठरते. ॲरिस्टॉटलनेही मिलो नावाच्या मल्लाचे उदाहरण देऊन हेच सांगितले : दहा मापे आहार फार, दोन मापे थोडा, म्हणून सहा मापे सर्वांना योग्य, असे होत नाही. मध्य हा वस्तूचा नसतो, वापरणाऱ्याचा असतो.

तडजोडीचे एक ऐतिहासिक उदाहरणही आहे. ब्रिटिश सैन्यात पायदळाची रायफल ३०.२ इंची नळीची होती आणि घोडदळाची कार्बाइन सुमारे २१ इंचांची. १९०३च्या सुमारास दोहोंच्या जागी २५.२ इंची नळीची एकच रायफल आणली गेली. पुढे ईशापूरच्या कारखान्यात ती आपल्याकडेही घडू लागली. निशाणेबाजीतील तज्ज्ञांनी त्या काळी तिच्यावर टीकेची झोड उठविली. नंतर दोन महायुद्धे त्याच रायफलीवर लढली गेली. हा मध्याचा विजय असे लोक म्हणतात. आमच्या मते तसे नाही. घोडदळही यापुढे खाली उतरून पायदळासारखेच लढणार, हा निर्णय बोअर युद्धाच्या अनुभवाने आधी झाला. इंच त्यामागून आले. दोन प्रयोजनांपैकी कोणते मुख्य हे ठरविल्यावाचून काढलेला मध्य, म्हणजे ठरविणे टाळल्याची खूण असते. शासकीय टिप्पण्यांत असे मध्य पुष्कळ वाचावयास मिळतात.

आणि कोणते मुख्य, याची कसोटी आम्हांस एकच सुचते. ज्या प्रयोजनातील उणीव आपल्या अंगावर येते ते मागे ठेवावे. ज्यातील उणीव दुसऱ्याच्या अंगावर येते ते पुढे. आखूड नळीमुळे सहाशे यार्डांच्या मैदानी स्पर्धेत वाऱ्याने गोळी थोडी अधिक ढळेल, दोन-चार गुण जातील. जाऊ देत. ते त्याचेच आहेत.

कायद्याने नळीच्या लांबीकडे कसे पाहिले आहे, हेही मौजेचे आहे. आपल्या १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे सहावे कलम असे, की स्वतंत्र परवाना असल्यावाचून कोणासही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. बंदूक तुमची, परवाना तुमचा, नळीही तुमची. पण ती कापण्याचा अधिकार तुमचा नाही. तेराव्या कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी द्यावयाच्या साध्या, म्हणजे आतून खाचा नसलेल्या बंदुकीची नळी वीस इंचांहून कमी नसावी, असा उल्लेख आहे. कारण उघड आहे. लांब बंदूक लपत नाही. ती घेऊन जाणारा मनुष्य दुरून दिसतो, आणि जो दिसतो त्याला जाब विचारता येतो. म्हणजे कायद्याच्या लेखी लांबी हा उघडेपणाचा गुण आहे, तर आमच्या मांडणीत ती दूर राहण्याची सोय ठरते. वरवर ही विसंगती दिसते. बारकाईने पाहिले तर दोन्हीकडे आक्षेप एकाच गोष्टीला आहे : कृती करणारा आणि तिचे फळ भोगणारा यांच्यामध्ये पडदा असू नये. आखूड नळीला तो पडदा अंगरख्याचा मिळतो, लांब नळीला अंतराचा.

कारागिराने मात्र या साऱ्या चर्चेत एक व्यवहाराची गोष्ट सांगितली, जी आम्हांस सुचली नव्हती. नळी मागाहून कापता येते, जोडता येत नाही. कापल्यावर तोंडाची कड पुन्हा काळजीपूर्वक घासावी लागते, एवढेच. म्हणून मन ठरत नसेल तर लांब घ्या. हे मत आम्हांस पटले, नव्हे, आमच्या वीस इंचांपेक्षा अधिक पटले. कारण ज्या निर्णयातून परतता येते तो आधी करून पाहावा, हे शहाणपण सर्व व्यवहारांत चालते. त्या तरुणाने अखेर चोवीस इंची नळीच घेतली. मात्र तिच्यावर त्याने दोन निराळ्या दुर्बिणी ठेवल्या आहेत. मैदानासाठी दूरच्या पल्ल्याची, अंतरानुसार फिरविण्याच्या चक्राची. आणि डोंगरासाठी साधी, कमी शक्तीची, जिच्यातून तीनशेच्या पुढे अंदाजच लागत नाही. कुंपण त्याने नळीवर न घालता डोळ्यावर घातले. हे उत्तर आमच्या उत्तराहून सरस आहे की केवळ चतुर आहे, याविषयी आमच्या घरात अद्याप दोन पक्ष आहेत.

आता ज्या आक्षेपाची वाचक कधीपासून वाट पाहत असतील, त्याकडे वळतो. मारावेच कशाला? १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्याकडे हा प्रश्न बहुतांशी निकालात काढला, आणि चांगले केले. ज्या शिवपुरीच्या रानात संस्थानिकांच्या शिकारी होत, आणि पंचम जॉर्ज यांच्यासाठी ‘जॉर्ज कॅसल’ उभारला गेला, तेच रान मार्च २०२५मध्ये माधव व्याघ्र प्रकल्प झाले. त्याआधी डिसेंबर २०२४मध्ये आपल्या शेजारचे रातापानी. २०२२च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ मोजले गेले. आमच्या पिढीने भिंतीवरील कातड्यांकडे अभिमानाने पाहण्यापासून संकोचाने पाहण्यापर्यंतचा प्रवास एका आयुष्यात केला.

तो तरुण ज्याच्या मागे जातो तो प्राणी मात्र ताहर आहे; हिमालयातील रानबोकडाची जात. आपल्याकडे त्याला कायद्याचे पहिल्या प्रतीचे संरक्षण आहे. १९०४ साली त्याचे काही नमुने न्यूझीलंडच्या डोंगरांत सोडण्यात आले, तेही शिकारीच्या हौसेसाठी. तेथे त्याला खाणारे श्वापद नाही, त्यामुळे तो वाढत गेला, आणि त्या डोंगरांतील मूळची वनस्पती तो फस्त करतो. १९९३च्या आराखड्यात त्याची संख्या दहा हजारांवर जाऊ नये असे ठरले, आणि सरकार स्वतः हेलिकॉप्टरमधून त्यांना मारविते. एकच प्राणी, एका देशात मारला तर तुरुंग, दुसऱ्यात न मारला तर डोंगर उघडा. पाप-पुण्य प्राण्यावर लिहिलेले नसते, ते जागेवर आणि कारणावर ठरते, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. आम्हांस ते तितके सोपे वाटत नाही. आपल्याकडे २०२५ साली शाजापूरच्या बाजूला शेतीची नासाडी करणाऱ्या काळविटांना आणि नीलगायींना हेलिकॉप्टरने हाकारून जिवंत पकडले आणि अन्यत्र नेऊन सोडले. खर्च झाला, श्रम झाले, पण झाले. हेलिकॉप्टर दोन्हीकडे तेच. एकात बंदूक होती, एकात नव्हती.

हा तपशील त्याला कळविला, तेव्हा त्याने एवढेच लिहिले, की ताहर पकडून नेऊन सोडायचे तर कोठे? हिमालयात? त्याला ठरावीक दोन महिन्यांत एक जनावर मिळते. तेवढे मांस त्याचे घर वर्षभर खाते, आणि दुकानातील मांस त्याने बंद केले आहे. कसायाच्या दुकानातील पाकिटाची नळी किती लांब असते, काका, असे त्याने शेवटी विचारले आहे. त्या पत्राचे उत्तर अद्याप आमच्याकडून गेलेले नाही.